कारण क्रमांक सदतीस

प्रश्नावलीत उशिराची छत्तीस कारणं होती,
लांजेवार सरांनी तपासून दिलेली.
प्रत्येकापुढे पाच चौकटी,
'अजिबात नाही'पासून 'अत्यंत'पर्यंत.
ती घेऊन मी बेसा ओलांडून
सात मजली सांगाड्याखाली उभी,
मे महिना, पारा पंचेचाळीस,
डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात.

धकाते इंजिनिअरनी दोन मिनिटांत भरून दिली.
निधी: पाच. मंजुरी: पाच, दोनदा गोल.
कंत्राटदार फोनवर म्हणाले,
सगळीकडे तीन लिहून घ्या.

उईके मिस्त्री मात्र, देवलापारकडचे,
कागद लांब धरून वाचत राहिले
ओळंबा बघावा तसे.
'मॅडम, अकुशल मजूर म्हंजे मी काय?'
नाही हो, तो फक्त एक घटक आहे.
'असन. पन इथं रेती नाई लिवली तुमी.'
मी कारण अकरावर बोट ठेवलं: साहित्याचा तुटवडा.
'तुटवडा नाई. रेती येते रातच्या दोन ले,
तेव्हा चाळन कोन? मातीसकट जाते प्लास्टरात.
मंग तेच फोडा, तेच करा.
याले काय म्हनता तुमच्यात?'
पुनर्काम.
ते हसले. 'नाव चांगलं हाये.'

माझ्या लॅपटॉपवर तीच इमारत आडवी पडलेली,
निळ्या पट्ट्या, जिना उतरावा तशा,
आणि त्यांतून जाणारी एक लाल रेघ.
तिच्यावरचा एक दिवस सरकला
की ताबा एक दिवस पुढे.
बाकीच्या कामांना थोडी ढील असते,
संक्रांतीला गच्चीवरून पोरं ओरडतात तीच;
आम्ही तिला फ्लोट म्हणतो.
ओळ एकशे चौदा:
क्युरिंग. मुदत दहा दिवस. मनुष्यबळ शून्य.

शून्य,
कारण सॉफ्टवेअरला वाटतं पाणी आपोआप पडतं.

ओळ एकशे चौदा चौथ्या मजल्यावर भेटली.
फुलकुंवर, बिलासपूरच्या अलीकडची,
खांद्यावर हिरवा पाईप.
स्लॅबवर सिमेंटची आळी, आळ्यांत पाणी,
खांबांना गुंडाळलेली पोती.
पहाटे, अकराला, चारला,
आणि रात्री जेवून हात धुतल्यावर पुन्हा.
रात्री कशाला, मी विचारलं.
तिने माझा हात धरून पोत्यावर ठेवला.
तासाभरापूर्वीचं ओलं पोतं
पापडासारखं वाजलं.
मग पाईप सोडला आणि म्हणाली, ऐक.
तापल्या काँक्रीटवर पाणी पडताना
एक बारीक सुस्कारा येतो,
तो थांबेपर्यंत पाईप हलवायचा नाही.

मार्चात ती अकरा दिवस गावी होती,
मुलीचं बाळंतपण.
त्या अकरा दिवसांत पाईप होता, टँकर होता,
वहीत रोज 'पाणी मारले' होतं.
तिसऱ्या मजल्याला भेगा गेल्या, केसाएवढ्या, मग नखाएवढ्या.
अठ्ठाविसाव्या दिवशी घन मात्र पास झाले,
कारण घन हौदात बुडून होते
आणि स्लॅब उन्हात.
उशीर: सव्वीस दिवस.
धकातेंच्या नोंदीत कारण: हवामान.

मी पेनाने खाली सदतीसावी ओळ काढली.
लांजेवार सर म्हणाले, संदर्भ कुठला?
आणि एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही.
बरोबरच होतं त्यांचं.
मी तरी तिचा फॉर्म भरला.
पद? ती पाईपाकडे बघत राहिली.
अनुभव, वर्षांत?
तिला वर्षं येत नव्हती. एकतीस स्लॅब, म्हणाली.
चौकटी तिने विचारल्या नाहीत, मीही नाही.
हे भरून काय होणार, एवढं विचारलं तिने,
आणि मी पाणी मागितलं प्यायला.

अंगठा ओलाच उमटला.
कागद नंतर वाळला, पण सरळ झाला नाही.
एकशे बारा फॉर्मांचा गठ्ठा आता टेबलावर आहे,
कितीही दाबून बांधला
तरी मधे एका ठिकाणी
फुगलेला राहतो.